शुद्धिपत्र

आमच्या साप्ताहिकाच्या पान पाचवर,
लग्नाच्या बँडच्या जाहिरातीखाली,
मी लिहिलं होतं:
"हा मूकपट म्हणजे गिरणीजीवनाचं सौम्य प्रहसन.
नायक लाचार. विनोद अंगविक्षेपांचा.
आजच्या कामगाराला यात आपलं काही सापडेल
असं वाटत नाही."
वय सत्तावीस. गिरणी पाहिलेली
बाहेरून, सायकलवरून.

आता साप्ताहिक नाही. संपादक नाहीत.
बँडवाल्याच्या नातवाचा डीजे आहे.
तेव्हा हे शुद्धिपत्र कुठे छापायचं
ते ठाऊक नसताना लिहितो आहे.

पट पुण्याहून आला होता, तीन डब्यांत.
पहिल्याच रिळात नाव फाटलेलं.
एरवी आम्ही तीसजण रामबागेत बसून पाहायचो,
मग चहा, मग आशय.
या वेळी कानविंदे वकील म्हणाले,
गिरणीचा पट आहे, परदेशीपुऱ्यात लावू.
युनियनचा हॉल. खिडक्यांना गोणपाटं.
पुढे आमच्या खुर्च्या, मागे सतरंजीवर ते.

पडद्यावर बुटका नायक.
सदऱ्याचं टोक पट्ट्यात अडकलेलं,
आणि तो तसाच ओढला जात जात
जॉबरला, मॅनेजरला, मॅनेजरच्या कुत्र्याला
वाकून नमस्कार करतोय.
मग पाटी: "धनीसाहेब, आपली कृपा."
आम्ही हसलो.
पाटी वाचून झाल्यावर, शोभेल इतकं.

मागे हशा आधीच फुटला होता.
पाटी यायच्या आत. दर वेळी.
मी वहीत टिपलं:
"प्रेक्षक अप्रगल्भ. चुकीच्या जागी हसतो."
तेही छापून आलं. तेही मागे घेतो.

रीळ बदलताना दाराशी भेटले
भिकाजी सुरवाडे, साचेखात्यात एकतीस वर्षं,
दोन्ही कान गेलेले.
मी मोठ्याने विचारलं, काय आवडलं?
ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
"वरडू नका भाऊ. दिसतंय मला."

दोनशे साचे एकदम चालतात तिथे
कुणी कुणाला ऐकत नाही.
पगाराची तारीख, कुणाला मुलगी झाली,
जॉबर आला, मान खाली घाल,
सगळं ओठांवरून उचलायचं,
तुटलेला धागा उचलावा तसं.

पाटीवर कृपा होती.
नायकाच्या ओठांवर
जॉबरच्या आईपासून सुरुवात होती.
भिकाजींनी ते सगळं मला सांगितलं,
एकेक शब्द सुटा करून, न हसता,
शास्त्रीबुवांनी संथा द्यावी तसं.
खानदेशातलं होतं, अस्सल.
"आमच्या तिकडचा माणूस आहे हा," म्हणाले.
पाट्या लिहिणाऱ्याला पत्ता नसावा.
किंवा असावा, कोण जाणे.
सेन्सॉरने तर पाट्याच वाचल्या असणार.
माझ्यासारख्या.

शेवटच्या रिळात भोंगा होतो.
म्हणजे वाफ निघते, पांढरी, पडदाभर.
पेटी वाजवणारा तेवढ्यात पाणी प्यायला गेलेला.
हॉलमध्ये काहीही आवाज नाही,
आणि मागे अंधारात
चपला चाचपडणारे पाय.
रविवार होता.
दोघे-तिघे तर उभे राहिले होते.
कुणी हसलं नाही.
मी लिहिलं, "भोंग्याचा प्रसंग निष्प्रभ."

मालवा मिलचा भोंगा बंद होऊनही
आता बरीच वर्षं झाली.
भिकाजींचं काय झालं, मी चौकशी केली नाही.
हे शुद्धिपत्रात बसत नाही, तरी असू द्या.

दुरुस्ती अशी:
पान पाच, दुसरा स्तंभ,
'लाचार' हा शब्द काढावा.
त्या जागी भिकाजींनी सांगितलेला घालावा.
तो अजूनही छापता येत नाही.

सकाळी दाढी करताना
मी तो आरशात म्हणून पाहतो, आवाज न करता.
'ळ'चा 'य' करावा लागतो.
ओठ अजून
सुशिक्षित दिसतात.